सुरीची मूठ गॅसवर धरू नका हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत घरगुती युक्त्यांच्या चौकटीत आलंय की सुरीची प्लॅस्टिकची मूठ हाताला टोचत असेल तर गॅस बारीक करून ज्योतीवर अर्धा मिनिट फिरवा, नरम झाली की ओल्या फडक्यात धरून घट्ट दाबा, बोटांचे खाचे आपोआप उमटतील आणि मूठ तुमच्या मापाची होईल. वाचायला छान वाटतं. आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर दुपारपर्यंत त्या चौकटीचा फोटो तीनदा फिरला आणि संध्याकाळी एकीने "आज करून बघते गं" असं टाकलं सुद्धा, तेव्हा मी कणीक तशीच परातीत टाकून पिठाच्या हाताने तिला फोन लावला की बाई थांब, आधी माझा अंगठा बघायला ये.

मी कोण हे सांगणारी म्हणाल तर भोसरी एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून वस्तू काढायच्या, एका कंपनीत मी १७ वर्षं काढली. आधी पार्टची फ्लॅश, म्हणजे कडेला राहिलेली जास्तीची पातळ पापडी, काढायला बसायचे, मग मशिनवर उभी राहिले, शेवटची काही वर्षं क्वालिटीला होते. कंपनी सुटल्यावर घरीच पोळी-भाजीचे डबे सुरू केले. म्हणजे अर्धं आयुष्य प्लॅस्टिक गरम करण्यात गेलं आणि आता उरलेलं सुरी धरण्यात चाललंय, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं मला वाटतं. आणि खरं सांगायचं तर तुमच्या चौकटीतला उद्योग मी स्वतः करून बसलेय, कुणी न सांगता, सगळं माहीत असून, म्हणून तर जास्त राग येतो.

झालं असं की सासूबाईंचे गुडघे गेले आणि विळी सुटली. आता विळीची गंमत बघा, विळीला मूठच नाही. पाट पायाखाली, पातं उभं, दोन्ही हात भाजीला मोकळे, बोटांनी काही आवळून धरायचंच नाही. पन्नास वर्षं त्यांनी अशी भाजी चिरली आणि सत्तरीनंतर एकदम ओट्याशी उभं राहून सुरी धरायची वेळ आली. त्यात अंगठ्याच्या मुळाशी संधिवात. बाजारातली ती काळी बारीक मुठीची सुरी, वीस-पंचवीस रुपयांची, तिची मूठ माझ्या करंगळीपेक्षा थोडीच जाड, कडेला मोल्डची उभी रेघ, ती रेघ नेमकी अंगठ्याच्या सांध्यात रुतायची. दोन कांदे चिरले की सुरी खाली ठेवून हात झटकायच्या. तोंडाने बोलायच्या नाहीत पण सुरी जरा जोरात ठेवायच्या, सुनेला कळायचं ते कळतं.

मग मी शहाणी, म्हटलं आपण प्लॅस्टिकवाले, हे काय अवघड आहे. सांडशीत पातं धरलं आणि मूठ ज्योतीवर फिरवायला लागले. पहिले काही सेकंद काहीच नाही. मग मुठीवर चकाकी आली, तेल लावल्यासारखी, कडेची ती रेघ विरघळून गोल झाली, मला वाटलं जमतंय, म्हणून अजून एक फेरा मारला आणि तेवढ्यात टोकाने पेट घेतला. छोटीशी ज्योत, बुडाशी निळी वर पिवळी, विझवलेल्या मेणबत्तीचा येतो तसा वास, आणि टप टप थेंब ओट्यावर, पेटते थेंब. घाईने फडक्यात धरून दाबली तर फडक्याच्या घडीतून वितळलेलं प्लॅस्टिक बाहेर आलं आणि उजव्या अंगठ्याला चिकटलं. पाणी सांडलं तर ओघळून जातं, तेल सुद्धा पुसता येतं, पण प्लॅस्टिक चिकटून बसतं आणि आतली सगळी गरमी कातडीला देतं. १७ वर्षं २२० डिग्रीच्या बॅरलशेजारी, म्हणजे प्लॅस्टिक वितळवायच्या नळीशेजारी उभी राहिले, एक फोड नाही, आणि भाजले कुठे तर स्वतःच्या ओट्यावर.

सासूबाई धावत आल्या त्या टूथपेस्ट घेऊन. इथे कंपनीतलं एक शिकवणं कामी आलं ते लिहिते, कारण ते चौकटीत नव्हतं: गरम प्लॅस्टिक चिकटलं तर ओढून काढायचं नाही, खालची कातडी सोबत येते. नळाखाली हात धरायचा, साधं गार पाणी, बर्फ नाही, आणि दोन मिनिटं नाही तर चांगली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काही नाही. प्लॅस्टिक चिकटलेलंच राहू द्यायचं आणि डॉक्टरकडे जायचं, त्याचं काय करायचं ते तिथे ठरवतात. माझ्या अंगठ्यावर अजून चिंचोक्याएवढा गुळगुळीत डाग आहे, त्यावर ठसा उमटत नाही, रेशनच्या मशिनवर डावा अंगठा द्यावा लागतो.

आता असं का होतं ते. गॅसची ज्योत दीड-दोन हजार डिग्रीच्या घरात असते. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या बऱ्याचशा स्वस्त मुठी असतात, ते १६०-१६५ ला वितळतं. आणि प्लॅस्टिक हे गरमी पुढे न्यायला एकदम आळशी, म्हणून तर कढईला आपण धातूचा कान सोडून प्लॅस्टिकची मूठ लावतो. मग होतं काय, वरचा कागदाएवढा थर वितळून पेटायच्या बेताला येतो आणि आतला गाभा अजून गारच असतो. तुम्ही दाबलं की बोटांच्या खुणा उमटतात खऱ्या पण वरच्या सालीत, आतलं काही हललेलं नसतं. कंपनीत आम्ही प्लॅस्टिकचा दाणा बॅरलमधे स्क्रूने घोळवत घोळवत, चार-पाच झोनचं टेंपरेचर सांभाळत वितळवायचो, का, तर सगळा माल आतबाहेर एकसारखा गरम व्हावा. ते काम गॅसच्या शेगडीवर कसं होणार.

आणि मुठीच्या आत काय असतं ते बघितलेलं माणूस ती गॅसवर धरणारच नाही. (मी धरली, हो, ते आलंय वर.) आमच्याकडे एकदा चार-पाच महिने सुऱ्यांच्या मुठींचंच काम होतं. पात्याचा जो निमुळता भाग मुठीत जातो त्याला आम्ही शेपूट म्हणायचो, त्या शेपटाला दोन भोकं असायची. डाय, म्हणजे साचा, उघडली की मी पातं आत बसवायचे, डाय बंद, काळा माल दाबाने आत यायचा आणि त्या दोन भोकांतून आरपार जाऊन गोठायचा. बस, सुरी म्हणजे एवढंच. रिबिट नाही, स्क्रू नाही, गोंद नाही, त्या दोन भोकांत अडकलेलं प्लॅस्टिक आणि गोठताना आकसून शेपटाला बसलेली पकड, यावर पातं उभं असतं. गार होताना पीपी शेकडा दीड-दोन टक्के आकसतं, ती आकसच पातं आवळून धरते. आता तुम्ही ती मूठ परत नरम केलीत की ती पकड सुटली. शिवाय गरम झाल्यावर प्लॅस्टिक स्टीलच्या आठ-दहापट फुगतं, त्यामुळे शेपटाभोवती केसाएवढी फट पडते. बाहेरून दिसत नाही. पण मग त्यात कोथिंबिरीचं पाणी जातं, मटणाचं पाणी जातं, पंधरा दिवसांनी मुठीच्या तोंडाशी घाण वास आणि गंजाची तांबूस रेघ, आणि एके दिवशी लाल भोपळ्यात सुरी रुतवून ओढायला जावं तर मूठ हातात आणि पातं भोपळ्यात. भोपळ्यात राहिलं तर नशीब म्हणायचं.

एक अजून. मूठ जाड असली तर मोल्डमधे बाहेरून आधी गोठते, आतलं मागाहून आकसतं, म्हणून आत पोकळी राहते किंवा वर खड्डा पडतो, सिंक मार्क म्हणतात त्याला, मी क्वालिटीला असताना याच्यावरून रोज भांडणं. वरून भरीव दिसणारी मूठ आतून पोकळ असू शकते, ती नरम करून दाबली की काडकन बसते. आणि मूठ नायलॉनची किंवा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची असली तर ती हवेतलं पाणी पिऊन बसलेली असते. कंपनीत हा दाणा मशिनला लावायच्या आधी हॉपर ड्रायरमधे ८० डिग्रीला काही तास सुकवायचो, नाही सुकवला तर पार्टवर चंदेरी रेघा यायच्या. आता स्वयंपाकघरात रोज धुतलेली, ओली राहिलेली मूठ एकदम तापवलीत तर आतलं पाणी वाफ होऊन पापडासारखे फुगे येतात. तुमच्या चौकटीतल्या फोटोतली मूठ मात्र गुळगुळीत होती, मला तर ती नवी कोरी वाटली, असो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे "प्लॅस्टिक" ही एक वस्तू नाहीच. सगळ्यांना एकच नियम लावणं म्हणजे सगळ्या पिठांना सारखंच पाणी घालण्यासारखं आहे, ज्वारीची भाकरी आणि मैद्याची पुरी एका मापाने कुठे होतात का. कुकरची काळी मूठ घ्या, ती बेकेलाइटची. लिओ बेकेलँड नावाच्या माणसाने १९०७ साली ते काढलं, फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड मिळून, आणि त्याचा गुणच हा की एकदा शिजलं की परत कधी वितळत नाही, अंड्यासारखं. उकडलेलं अंडं गरम करून परत पातळ होतं का? तसं. काही जुन्या सुऱ्यांना अशाच मुठी असायच्या, त्या गॅसवर धरल्यात तर नरम होणार नाहीत, नुसत्या करपतील आणि तडकतील, दवाखान्यातल्या कार्बोलिकसारखा वास येईल. पीव्हीसी ८० डिग्रीच्या आसपासच ढिली पडते, पण जळली की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर सोडते, डोळे आणि घसा दोन्ही धरतो. अॅसिटल नावाचं एक कडक गुळगुळीत प्लॅस्टिक चांगल्या महागड्या सुऱ्यांना असतं, ते जास्त तापलं की फॉर्मल्डिहाइड सुटतो, आमच्याकडे त्याचं काम असायचं तेव्हा बॅरलमधे माल थांबू द्यायचा नाही अशी सक्त ताकीद असायची. आणि काही कडक नायलॉनच्या मुठींत काचेचे बारीक तंतू घातलेले असतात, वरचं नायलॉन वितळून गेलं की ते उघडे पडतात आणि मग हात खाजतो दिवसभर.

आणि कुणाच्या घरी आजोबांच्या वेळची हस्तिदंतासारखी पिवळट पांढरी मुठीची सुरी असेल तर तिला काडी सुद्धा दाखवू नका. ती सेल्युलॉइडची असू शकते. सेल्युलॉइडमधे कापूर घातलेला असतो, मूठ कापडाने जोरात घासून लगेच नाकाशी धरली तर कापराचा वास येतो. आणि ते पेटतं सुद्धा जवळपास कापरासारखंच, भसकन.

भंगारातलं प्लॅस्टिक निवडणारे लोक तुकड्याला लायटर लावून वासावरून सांगतात पीपी की नायलॉन की काय, मेणबत्तीचा वास आला तर पीपी, केस जळल्यासारखा आला तर नायलॉन, काळी काजळी उडून हवेत जाळी तरंगायला लागली तर एबीएस. त्यांच्या फुफ्फुसांचं काय होत असेल देव जाणे. घरी हे करू नका. घरी एक साधी पारख आहे: मुठीच्या टोकाचा नखाएवढा कपचा ब्लेडने काढायचा, वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकायचा आणि कपचा बोटाने बुडवून सोडायचा. वर तरंगला तर पीपी किंवा त्याच्या भावकीतलं. बुडाला तर बाकी कुठलंही, आणि मग त्याला गरमीच्या वाटेला नेऊच नका. माझ्या घरातल्या सात सुऱ्यांपैकी चार तरंगल्या. बादलीच्या आणि डब्यांच्या बुडाला त्रिकोणात ५ आकडा असतो ना, पीपीची खूण, तशी खूण या सातपैकी एकाही मुठीवर नाही. डायमधे एक त्रिकोण खोदायला असा काय खर्च येतो हो? मी डाय बघितलेल्या आहेत, कंपनीचं नाव आणि वाघाचं चित्र खोदायला जागा असते.

तापवून मूठ बसवणं आपल्याला नवीन नाही हे पण सांगायला हवं, नाहीतर म्हणाल ही बाई नुसती घाबरवतेय. लहानपणी आमच्या गावच्या बाजारात लोहार विळ्याला मूठ बसवायचा ते मी तासन् तास बघत बसायचे. शेपूट लालभडक करायचं आणि बाभळीच्या मुठीत दाबायचं, चर्र करून धूर निघायचा आणि लाकूड स्वतःला जाळून बरोबर शेपटाच्या आकाराची जागा करून द्यायचं. कधी आत लाख नाहीतर राळ भरायचा. तलवारीच्या मुठी सुद्धा अशाच लाख-राळ भरून बसवत. लाख म्हणजे आपलं जुनं प्लॅस्टिकच की, किड्याने बनवलेलं, गरम केलं की नरम, गार झालं की घट्ट, बांगडीवाल्या तेच करतात. पण त्या लोहाराचं एक लक्षात राहिलंय, शेपूट भट्टीत असताना तो पात्याला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवायचा. मी विचारलं तर म्हणाला "पानी उतरंल पोरी." पात्याला कडक करायला दिलेलं पाणी. कार्बन स्टीलचं पातं दोनशे डिग्रीच्या पुढे गेलं की आधी पिवळसर मग निळसर होत जातं आणि तेवढी धार टिकायची ताकद गेलीच समजा. तुमच्या चौकटीत ओलं फडकं होतं, पण मूठ दाबायला. पात्याला नाही. लोहाराला विचारलं असतं तरी चाललं असतं.

शेतकरी सुद्धा करतात, पीव्हीसी पाइपचं तोंड पाचटाच्या जाळावर तापवून दुसऱ्या पाइपवर चढवतात, खुरप्याच्या मुठीवर पाइपचा तुकडा तापवून घालतात. माझे दीर घालतात. पण ते उघड्या रानात, वारा असतो, आणि पाइप पोकळ आणि पातळ, आतबाहेर एकदम तापतो. स्वयंपाकघरात खिडकी बंद करून भरीव मूठ तापवणं ही वेगळी गोष्ट.

पाण्याचं बऱ्याच जणी विचारतात, की गॅस नको तर उकळत्या पाण्यात घातली तर? मी घातली. आपल्याकडे पुण्यात पाणी ९८ लाच उकळतं. पीपीची मूठ दहा मिनिटं ठेवली तर थोडी लवचिक होते, दाबलं की दबते, हात सोडला की हळूहळू परत पहिल्यासारखी. गार होईपर्यंत शिकंज्यात आवळून ठेवली तर थोडा बाक राहतो, पण पुढच्या वेळी गरम पाण्याने धुतली की जुना आकार आठवतो तिला. प्लॅस्टिकला आठवण असते, खरंच. ताजा पार्ट मशिनमधून निघाला की म्हणून तर आम्ही तो जिगवर, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, लावून गार करायचो, नाहीतर केळ्यासारखा वाकायचा. हीट गनचं, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राचं म्हणाल तर माझ्या भाच्याने आणली होती, लांबून सतत हलवत, पात्याला ओलं फडकं बांधून, नुसती ती कडेची टोचणारी रेघ बसवायला बरी आहे, तेवढंच. आणि ती रेघ तर दहा रुपयांच्या पॉलिश पेपरने पाच मिनिटांत जाते, त्याला गन कशाला.

मग शेवटी जमलं कसं ते सांगते, कारण जमलं.

सासूबाईंच्या अंगठ्यासाठी डॉक्टरांनी पट्टा सांगितला. तो पट्टा रेडिमेड नव्हता, तिथल्या ऑक्युपेशनल थेरपीवाल्या मुलीने समोर बनवला. एक पांढरी प्लॅस्टिकची शीट कात्रीने कापली, सत्तर डिग्रीच्या आसपास गरम पाण्याच्या ट्रेमधे सोडली, मिनिटभरात ती ओल्या पोळीसारखी लुळी पडली, टॉवेलने टिपून सासूबाईंच्या अंगठ्यावर अलगद बसवली, तीन-चार मिनिटं हाताने धरून ठेवली, झाला पट्टा. मी बघतच राहिले. १७ वर्षं माझ्या डोक्यात प्लॅस्टिक म्हणजे दोनशे डिग्री, आणि इथे एक पोरगी म्हातारीच्या कातडीवर प्लॅस्टिक मोल्ड करतेय. विचारलं तेव्हा तिने सांगितलं की यात पॉलिकॅप्रोलॅक्टोन असतं, ते ६० डिग्रीलाच वितळतं. त्याचे दाणे ऑनलाइन मिळतात, मोल्डेबल प्लॅस्टिक म्हणून.

मागवले. साबुदाण्यासारखेच दिसतात, डब्यावर मोठं लेबल लावा नाहीतर खिचडीत जातील, हसू नका, आमच्याकडे भिजवायच्या बेतात होते. पातेल्यात पाणी तापवलं, उकळी आणायची नाही, बोट घालवत नाही इतपत. त्यात दाणे टाकले की पांढरे दाणे काचेसारखे पारदर्शक होतात आणि एकमेकांना धरतात, ती खूण. पळीने गोळा काढायचा, क्षणभर थांबायचं, ओल्या हाताने पुरणाच्या गोळ्यासारखा मळायचा. पण मुठीवर नुसता थापला तर बसणार नाही, पीपीला काहीही चिकटत नाही, अराल्डाइट सुद्धा पापुद्र्यासारखं निघून येतं, म्हणून आधी मी मुठीवर हॅक्सॉच्या पात्याने आडव्या खाचा पाडल्या होत्या आणि गोळा चहूबाजूंनी गुंडाळून टोकावरून पण वळवला, म्हणजे तो अडकून बसतो. पात्याला जाड पुठ्ठा बांधून वर चिकटपट्टी, हे विसरायचं नाही, कारण आता ती म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्यायचीय. मग सासूबाईंना म्हटलं, कांदा चिरताय असं समजून धरा. त्या म्हणाल्या कांदा आण मग, उगाच कसं धरू. आणला कांदा, डाव्या हातात कांदा, उजव्या हातात सुरी, दोन-तीन मिनिटं पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. दाणे परत दुधाळ पांढरे झाले आणि मूठ घट्ट. चार बोटांच्या चार खाचा, अंगठ्याची एक, आणि तळहाताच्या फुगवट्याची. पहिल्यांदा अंगठा जरा जास्त पुढे आला होता, तर परत गरम पाण्यात बुडवून पुन्हा केली. फुकट काही गेलं नाही.

याची खोट पण सांगते. ६० ला वितळतं म्हणजे परतही वितळणार. ती सुरी गरम पाण्याच्या टबात टाकायची नाही, शेगडीजवळ ठेवायची नाही, उन्हात उभ्या गाडीत तर नाहीच. कोमट पाण्याने हातावरच धुवायची. आमच्याकडे ती खिडकीच्या उलट्या बाजूला वेगळ्या खिळ्यावर असते. ज्यांना एवढी कटकट नको त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळावी, नाहीतर बॅटची रबरी ग्रिप कापून चढवावी, पकड जाड होते आणि सांध्यावरचा ताण तेवढ्यानेच निम्मा कमी वाटतो. फक्त ट्यूबखाली पाणी साचतं, महिन्याने सोडून परत गुंडाळायची.

जाड मुठीवरून आठवलं. आमच्या टूलरूमचे साहेब एक गोष्ट नेहमी सांगायचे, अमेरिकेत सॅम फार्बर नावाचे एक गृहस्थ होते, त्यांच्या बायकोच्या हातात संधिवात, साल काढायचं सोलणं तिला धरवेना, तर त्यांनी डिझायनर लोकांना घेऊन जाड, नरम, काळ्या रबरासारख्या मुठीची स्वयंपाकाची हत्यारं काढली आणि १९९० साली ऑक्सो गुड ग्रिप्स नावाने बाजारात आणली. मूठ सँटोप्रीनची, म्हणजे रबरासारखं वागणारं पण आपल्या मशिनवर चालणारं प्लॅस्टिक. धडधाकट हाताच्या लोकांनी सुद्धा धडाधड घेतली. साहेब ही गोष्ट सांगून वर म्हणायचे, आपल्याकडे मशिन तेच, दाणा तोच मिळतो, मुठीत वीस ग्रॅम माल जास्त घालायला मात्र कुणी तयार नाही. आमच्याकडे त्या चार-पाच महिन्यांत रोज शेकड्यांनी मुठी निघायच्या आणि मी एकदाही हातात धरून कांदा चिरायची कल्पना करून बघितली नाही, फ्लॅश आहे का आणि सिंक मार्क आहे का एवढंच बघून ओके मारला. माझ्या सासूबाईंना टोचली ती रेघ, कुणास ठाऊक, मीच पास केलेली असेल.

तर संपादक महाराज, मागणी एवढीच की येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापा की सुरीची मूठ ज्योतीवर धरू नये. आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती नको, त्या दोन ओळींचा फोटो काढून कुणी ग्रुपवर टाकत नाही. आणि युक्ती पाठवणाऱ्या ताईंवर माझा राग नाही, त्यांना मूठ टोचत असणार म्हणूनच सुचलं त्यांना. राग आहे तो छापायच्या आधी ऑफिसातल्या कुणी एकदा तरी करून बघितलं नाही याचा. केलं असतं तर अंगठ्यावरचा डाग त्यांच्याकडे असता आणि हे पत्र त्यांनीच लिहिलं असतं.

कळावे,
आपली,
एक जुनी मोल्डिंगवाली, भोसरी

ता. क. पत्र पोस्टात टाकायच्या आधी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, "मी सुरी जोरात ठेवायचे" हे काढून टाक. मी नाही काढलं. दाणे अजून पाव किलो उरलेत आणि आता त्यांनी खोबरं खवायच्या खवणीकडे बोट दाखवलंय.